फौंड्रीतला आंधळा कोपरा : रेडिओ लहरी आणि ‘स्मार्ट’ पॅनेल लावून भिंतीपलीकडचं अंतर कळेल का?

उद्यमबागकर

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे. बेळगावातले आणि बेळगाव सोडून गेलेले बरेच इंजिनीअर इथे वाचतात, म्हणून विचारतो.

उद्यमबागेत एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. शेड ‘एल’ आकाराची आहे. एका बाजूला फर्नेस आणि ओतकाम, दुसऱ्या बाजूला फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करणं) आणि डिस्पॅच. मधल्या कोपऱ्यावरची भिंत काढता येत नाही, क्रेनचा गर्डर तिच्यावरच टेकलाय. इकडून लॅडलची, म्हणजे वितळलेलं लोखंड नेणाऱ्या बादलीची, ट्रॉली येते, तिकडून फोर्कलिफ्ट. भोंगा आहे, लाल दिवा आहे, मराठी-कन्नड दोन्हीत पाट्या आहेत. तरी मध्यंतरी थोडक्यात वाचलो.

डेप्थ कॅमेरा लावून पाहिला, इन्फ्रारेडवर चालणारा. १४०० अंशांचं पातळ लोखंड समोरून गेलं की चित्र पांढरं फटक. एरवी वाळूची धूळ आणि काजळी. परवा एकाने सांगितलं की भिंतीवर लावायची काही ‘स्मार्ट’ पॅनेलं निघाली आहेत, ती रेडिओ लहर हव्या त्या दिशेला वळवतात, आणि त्यातून कोपऱ्यापलीकडची कुठली वस्तू किती लांब आहे याचा नकाशा काढता येतो. खरंच होतं का हे? की प्रदर्शनात दाखवायचं खेळणं?

निपाणीकर

बहिर्गोल आरसा लावा. घाटात प्रत्येक वळणावर असतो तसा. विषय संपला.

उद्यमबागकर

आरसा आहे. सोमवारी पुसला की गुरुवारी काळा. आणि फोर्कलिफ्टवर माल असला की ड्रायव्हरला समोरचंच दिसत नाही, वरचा आरसा कुठे बघतोय तो.

आरएफवाली (मूळ टिळकवाडी, सध्या बेंगळुरू)

दादा, होतं. पण त्यात पॅनेल काय करतं आणि काय करत नाही हे आधी वेगळं करू, म्हणजे निम्मा गोंधळ जाईल.

अंतर मोजायचं म्हणजे लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. एका नॅनोसेकंदात ती ३० सेंटिमीटर जाते. एकामागे एक उभ्या असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसायच्या तर बँडविड्थ, म्हणजे लहरींच्या वारंवारितेचा रुंद पट्टा, लागते. सूत्र सोपं आहे : प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थची दुप्पट. वाय-फायचा २० मेगाहर्ट्झचा चॅनेल घेतलात तर उत्तर येतं साडेसात मीटर. म्हणजे तुमची ट्रॉली आणि तिच्यामागचा माणूस दोन्ही मिळून एक. १६० मेगाहर्ट्झला ९४ सेंटिमीटर, वाय-फाय ७ च्या ३२० ला ४७. आणि ६० गिगाहर्ट्झच्या रडार चिपा येतात त्यांना ४ गिगाहर्ट्झ वापरता येतात, तिथे पावणेचार सेंटिमीटर.

हे झालं ‘किती लांब’. ‘कुठल्या दिशेला’ हा हिशेब निराळा. तो अँटेनाच्या रुंदीवर ठरतो. या चिपांवर ३ पाठवणाऱ्या आणि ४ ऐकणाऱ्या अँटेना असतात, त्यातून आडव्या दिशेला साधारण १५ अंशांपर्यंत फरक कळतो. ८ मीटरवर १५ अंश म्हणजे दोन मीटरच्या वर. तेवढ्यात खांब, माणूस, ट्रॉली सगळं एकाच डागात.

पॅनेल इथे कामाला येतं. त्याच्यावर छोट्या छोट्या धातूच्या चकत्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक डायोड. डायोड चालू-बंद केला की त्या चकतीवरून परतणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चढ-उताराची वेळ, बदलते. सगळ्यांची फेज नीट जुळवली की परतलेली लहर एका अरुंद झोतात एकवटते, आणि फेज बदलल्या की झोत दुसरीकडे वळतो. हलणारा भाग एकही नाही. ३२ बाय ३२ चकत्यांचं पॅनेल ६० गिगाहर्ट्झला जेमतेम ८ सेंटिमीटरचं होतं, आणि त्याचा झोत सव्वातीन अंशांच्या आसपास. ८ मीटरवर ४५ सेंटिमीटर. म्हणजे माणूस आणि ट्रॉली वेगळे कळतील. चेहरा कळणार नाही, आणि युनियनला तेच हवं असेल.

मग काम असं : झोत एका दिशेला वळवा, लहर सोडा, वेळ मोजा, अंतर लिहा. पुढची दिशा. ३० बाय ३० दिशा धरल्या तर ९०० मोजण्या. एकीला १०० मायक्रोसेकंद दिले तर पूर्ण नकाशा ९० मिलिसेकंदात, सेकंदाला अकराएक चित्रं. फोर्कलिफ्टला पुरे. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या एका गटाने साधारण याच पद्धतीची मांडणी केली आहे.

लक्षात ठेवायचं ते हे : पॅनेल दिशेची धार देतं आणि कोपऱ्यापलीकडे बघायचा कोन देतं. बँडविड्थ ते देत नाही. मूळ यंत्र २० मेगाहर्ट्झचं असेल तर कितीही महागडं पॅनेल लावा, साडेसात मीटर ते साडेसात मीटरच.

शहापूरचे_अण्णा

पोरी, छान सांगितलंस. मी टेलिफोन खात्यातून रिटायर. जबलपूरला ट्रेनिंगला होतो तेव्हा पॅसिव्ह रिपीटर शिकवलेला. दोन मायक्रोवेव्ह टॉवरच्या मध्ये डोंगर आडवा आला की माथ्यावर हा भलामोठा सपाट पत्रा उभा करायचा. वीज नाही, मशीन नाही. लहर येऊन आपटणार आणि पलीकडच्या खोऱ्यात जाणार. हे तुमचं पॅनेल त्याचंच नातवंड दिसतंय की.

आणि ६० गिगाहर्ट्झ म्हणजे फार नवीन काही आहे असं नका समजू. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात मिलिमीटर लहरी सोडून लांबची घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या लहरी अगदी ५ मिलिमीटरपर्यंत बारीक. ५ मिलिमीटर म्हणजेच ६० गिगाहर्ट्झ.

निपाणीकर

अण्णा, इतिहास झक्कास. पण १८९५ पासून आहे तर माझ्या वखारीत अजून का नाही?

शहापूरचे_अण्णा

तुझ्या वखारीत ट्यूबलाइट तरी धड लागते काय मर्दा?

गडहिंग्लजचा_वायरमन

मला एक कळेना. कोपऱ्याच्या पलीकडे दुसरी रडार चिप लावली की झालं ना? पॅनेलला पण वायर, कंट्रोलर, पॉवर सप्लाय लागणारच. मग मधला दलाल कशाला?

आरएफवाली

अगदी बरोबर प्रश्न. खरं सांगू? पलीकडे वीज आणि डेटाची वायर नेता येत असेल तर दुसरं रडारच लावा. मी पैसे घेऊन सल्ला देत असते तरी हेच सांगितलं असतं.

पॅनेलचा फायदा मोठ्या प्रमाणावर दिसतो. ३२ बाय ३२ ची खरीखुरी अँटेना करायची तर मागे तितक्याच रेडिओ साखळ्या, अॅम्प्लिफायर, एडीसी (लहरीचे आकडे करणाऱ्या चिपा). वीज आणि उष्णता बघा. पॅनेलमध्ये त्यातलं काही नाही, नुसते डायोड. म्हणून ६जीवाल्यांना त्याचं आकर्षण आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये २०३० च्या मोबाइल तंत्रासाठी जी चौकट ठरवली तिच्या सहा मुख्य वापरांत ‘संवाद आणि संवेदन एकत्र’ हाही एक आहे. वाय-फायवाल्यांचं ८०२.११ बीएफ हे संवेदनाचं मानक २०२५ मध्ये आलं. म्हणजे उद्या कव्हरेजसाठी पॅनेल भिंतीवर लागलेलंच असेल आणि मोजणी त्याच्यावरच फुकटात करू, असा हिशेब आहे. तुमच्या फौंड्रीत ते आधीपासून लागलेलं नाहीय.

उद्यमबागकर

पलीकडे वायर नेणं अवघड आहे. तिथून क्रेनचा बसबार (वीज नेणारी उघडी पट्टी) जातो आणि खाली लॅडल प्रीहीटिंगची जागा आहे, केबल टिकत नाही. म्हणूनच परतवायची कल्पना आवडली.

आणखी एक. मोठ्या लोखंडी गर्डरखाली, पत्र्याच्या छपराखाली या लहरी नुसत्या घुमत राहणार नाहीत का? आणि ओतताना जी आग असते तिचा त्रास?

आरएफवाली

आगीचा त्रास फारसा नाही. तापलेलं लोखंड इन्फ्रारेडमध्ये भयंकर उजळतं, म्हणून कॅमेरा आंधळा होतो. ६० गिगाहर्ट्झला त्याच लोखंडाचा उजेड इतका क्षीण असतो की रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज त्याहून जास्त भरतो. हवेतली धूळ ५ मिलिमीटर लहरीपुढे फार बारीक, तीही आड येत नाही. पॅनेलवर साचणारा थर मात्र बघावा लागेल, कारण तुमच्या धुळीत ग्रॅफाइट आणि लोखंड असणार आणि दोन्ही वीजवाहक.

घुमण्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. रडारवाले त्याला भुतं म्हणतात : लहर गर्डरवर आपटून वस्तूवर गेली, वाट लांब झाली, की त्याच माणसाची दुसरी प्रत मागे कुठेतरी दिसते. पण पॅनेलची इथे एक गंमत आहे. आपण त्याची फेज ठरावीक क्रमाने उलटसुलट करत राहिलो, तर पॅनेलवरून आलेली लहर तेवढी त्या क्रमाने बदलते. गर्डरवरून, छपरावरून थेट आलेली बदलत नाही. मग त्या क्रमाशी जुळणारं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं गाळायचं. साध्या परावर्तकाला ही सोय नाही. माझ्या मते पॅनेलची सगळ्यात कमी बोलली जाणारी बाजू हीच आहे.

उलट बाजू ताकदीची. लहर रडारवरून पॅनेल, पॅनेलवरून वस्तू, आणि परत त्याच वाटेने. पॅनेल छोटं असेल तर दोन्ही अंतरांचा गुणाकार मोजावा लागतो, आणि जाऊन-येऊन तो चौथ्या घातात जातो. रडार ते पॅनेल हे अंतर दुप्पट केलंत तर परत येणारी शक्ती सोळावा भाग. भरपाई एकच : चकत्या वाढवणं. पण पॅनेल मोठं केलं की नवीन भानगड. ३० सेंटिमीटरचं घेतलं तर ३६ मीटरपर्यंत लहर सपाट धरता येत नाही, मग नुसती दिशा देऊन भागत नाही, झोत ठरावीक बिंदूवर फोकस करावा लागतो. गणित होतं, फक्त मोजण्या वाढतात.

शहापूरचे_अण्णा

मग मी काय सांगायलोय! त्याला एकच कोपरा बघायचाय. साधा पत्रा लाव की ४५ अंशात. कॅरममध्ये रिबाउंड मारतो तसं.

आरएफवाली

अण्णा, मी हसत हसत लिहायला बसले होते, पण आकडे घातले आणि तुमचंच खरं निघालं.

मोठा सपाट पत्रा आरशासारखा वागतो. त्यात अंतरांचा गुणाकार होत नाही, बेरीज होते. रडार ते पत्रा ४ मीटर, पत्रा ते ट्रॉली ६ मीटर धरलं तर रडारला वाटतं ट्रॉली सरळ १० मीटरवर आहे. त्याजागी ८ सेंटिमीटरचं एक-बिटी पॅनेल असतं (एक-बिटी म्हणजे प्रत्येक चकतीला दोनच फेज), तर ढोबळ हिशेबाने परत येणारी शक्ती पत्र्याच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. दोनच फेज ठेवल्याचा तोटाच एका फेरीत जवळजवळ ४ डेसिबल असतो (१० डेसिबल म्हणजे शक्ती दहावा भाग), आणि आपण दोनदा त्याच्यावरून जातोय.

पत्रा एकाच कोनातलं दाखवणार आणि दिशेची धार चिपचीच राहणार. पण दादांचा प्रश्न ‘कोपऱ्यापलीकडून काही येतंय का आणि किती लांब आहे’ एवढाच असेल, तर पुरे.

मलप्रभा_काठ (खानापूर)

चांगली चर्चा. आमचा प्रश्न वेगळा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला भाताला गवे पडतात. पावसाळ्यात धुकं इतकं की टॉर्चचा उजेड चार पावलांत संपतो, कॅमेरा ट्रॅपवर नुसता पांढरा पडदा. या लहरी धुक्यातून जातात म्हणे. बांधावर असं काही लावून गवा किती लांब आहे ते कळेल काय?

आरएफवाली

काका, धुक्याचे थेंब या लहरींपुढे फारच बारीक, त्यातून जातील. पाऊस खातो, पण वाटतो तेवढा नाही. तासाला २५ मिलिमीटरच्या पावसात ६० गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे १० डेसिबल धरा. हवेतला ऑक्सिजनच या पट्ट्यात साधारण १५ खातो. बांध १०० मीटरचा असेल तर जाऊन-येऊन दोन्ही मिळून ५ डेसिबल. खरं दुखणं अंतराचं आणि वाऱ्याचं. अंतर दुप्पट केलं की शक्ती सोळावा भाग, आणि सळसळणारं भात, झुडपं, पाण्याने हलणाऱ्या फांद्या सगळंच हलताना दिसणार.

तुम्हाला पॅनेलची गरज नाही. उघड्या रानात कोपराच नाही. २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झचं लांब पल्ल्याचं रडार, आणि परवडलं तर सोबत थर्मल कॅमेरा. दाट धुक्यात थर्मलचीही नजर कमी होते, म्हणून रडार आधी.

मलप्रभा_काठ

बरं. सध्या डबे वाजवणं आणि मचाण चालू ठेवतो.

चिकोडीचा_इंजिनीअर

ताई, मी व्हीटीयूच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, ईसी ब्रांच. आम्हाला प्रोजेक्ट पाहिजे. ईएसपी३२ या स्वस्त वाय-फाय चिपमधून वाय-फायचा चॅनेल डेटा (वाटेत लहर कशी बदलली त्याची नोंद) काढता येतो, तो घेऊन आणि एआय लावून डेप्थ मॅप करता येईल का? एमआयटीवाल्यांनी २०१८ मध्ये भिंतीपलीकडच्या माणसाचा सांगाडा दाखवला होता, तसं.

आरएफवाली

ईएसपी३२ ला २० किंवा ४० मेगाहर्ट्झ. ४० धरलं तरी पावणेचार मीटर. २.४ गिगाहर्ट्झचे सगळे चॅनेल एकापुढे एक जोडले तरी ८३ मेगाहर्ट्झ आणि काहीतरी, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. त्याने माणूस आहे की नाही, हलतोय की बसलाय, हे चांगलं कळतं. फेज बघितली तर श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते तेही कळतं. पण मिलिमीटरची हालचाल कळणं आणि वस्तू किती मीटरवर आहे हे कळणं यांत घोळ करू नका, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हमखास होतो. फेज दर लहरीला पुन्हा शून्यावर येते, ती किती वेळा फिरली हे ती सांगत नाही.

एमआयटीच्या कामात नेटवर्कला कॅमेऱ्याची चित्रं दाखवून शिकवलं होतं. सांगाड्याचा बराच भाग ‘माणूस असा असतो’ या शिकवणीतून भरला जातो. संशोधन म्हणून उत्तम. पण वितळलेल्या लोखंडाच्या वाटेवर नेटवर्कने अंदाजाने भरलेलं चित्र मला नको.

तुमच्या प्रोजेक्टसाठी पॅनेलच करा. साडेपाच गिगाहर्ट्झला अर्धी लहर २.७ सेंटिमीटर. १० बाय १० चकत्या, २७ सेंटिमीटरचा साधा एफआर-४ सर्किट बोर्ड, ‘पिन’ (PIN) जातीचे १०० डायोड, शिफ्ट रजिस्टर आणि एक मायक्रोकंट्रोलर. सामान इथे बेंगळुरूत एसपी रोडला मिळेल. झोत १० अंशांच्या आसपास येईल. एक सावधगिरी : एक-बिटी पॅनेलवर समोरून लहर टाकलीत तर झोत दोन निघतात, एक डावीकडे आणि तितकाच उजवीकडे. लहर तिरकी टाका किंवा चकत्यांना आधीच एक वेडीवाकडी ठरलेली फेज द्या, म्हणजे दुसरा झोत विस्कटतो. व्हायवाला हे हमखास विचारतात.

चिकोडीचा_इंजिनीअर

थँक्यू ताई! गाईडना विचारतो. आमचे सर कन्नडमधून ओरडतात, पण माणूस चांगला आहे.

निपाणीकर

म्हणजे शेवटी आरसाच. मी दुसऱ्याच पोस्टमध्ये सांगितलं होतं.

गडहिंग्लजचा_वायरमन

तुमच्या आरशाला काजळी लागली की आंधळा. अण्णांच्या पत्र्यावर काजळी बसली तरी ६० गिगाहर्ट्झला तो आरसाच. तो फरक बघा की.

शहापूरचे_अण्णा

हौद री! पण बाबा उद्यमबागकर, छपराचा नाळीदार पत्रा लावशील तर लहर दाही दिशांना उधळेल. सपाट पाहिजे.

आरएफवाली

हो, आणि सपाट म्हणजे खरंच सपाट. लहर ५ मिलिमीटरची, तेव्हा उंचसखलपणा ०.३ मिलिमीटरच्या आत ठेवा. ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियम शीट मागून अँगलच्या चौकटीवर बसवा, मध्ये फुगणार नाही. तुमच्या अंतरांना लहरीचा मुख्य भाग ३० सेंटिमीटरच्या लांबट गोलात मावतो, पण बघायची जागा रुंद हवी म्हणून दोन फूट बाय तीन फूट घ्या. सॉफ्टवेअरमध्ये डावं-उजवं उलटं येईल, तेवढं फिरवून घ्या.

दिव्याचा रिले (रडारच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) नॉर्मली ओपन, म्हणजे इशारा नसताना दिवा बंद राहील असा, ठेवू नका. रडार बंद पडलं, केबल तुटली, की दिवा लालच लागला पाहिजे. भोंगा आणि पाट्या काढायच्या नाहीत, हे जोडीला.

उद्यमबागकर

ठरलं. शीट आमच्याकडेच पडून आहे, चौकट फॅब्रिकेशनवाला बैलहोंगलचा पोरगा करून देईल. रडारचं डेव्हलपमेंट किट मागवतो. पहिल्यांदा फेटलिंगच्या बाजूने, गरम धातू नसताना, फोर्कलिफ्टवरच बघेन.

चिकोडीच्या मित्रा, तुमचं पॅनेल तयार झालं की त्याच जागी लावून बघू. मालकांना विचारलंय, हो म्हणालेत.

चिकोडीचा_इंजिनीअर

सर, त्याआधी एकदा जागा बघायला रविवारी येऊ का? आम्ही चौघं आहोत.

उद्यमबागकर

रविवारी फर्नेस बंद असते, बरं पडेल. बूट घालून या, चपलेवर आत सोडत नाहीत. आणि लेझर टेप असेल तर आणा, आमचा सेल संपलाय.